एक जुनी वाघीण द्या, बाकी आम्ही बघतो

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

सिंहस्थ २०२७ जवळ येतोय आणि कुठल्या चौकात काय उभं करायचं याची चर्चा रोज कानावर येते, कोणी कारंजं म्हणतं कोणी कमान म्हणतं, परवा तर नाशिकरोडला चहाच्या टपरीवर एक जण म्हणाला मालगाडीची एखादी जुनी वाघीण, म्हणजे वॅगन, आणा, चकाचक रंगवा आणि ठेवा बिटको चौकात, पोरांना सेल्फीला बरी. सगळे हसले. मला काही हसू आलं नाही, कारण माझी ३५ वर्षं वाघिणींच्या खाली गेलीत, खाली म्हणजे खरोखरच खाली, दोन चाकांच्या मधे पाठीवर पडून. भुसावळ डिव्हिजनला कॅरेज अँड वॅगनमध्ये, म्हणजे डबे-वाघिणी दुरुस्तीच्या खात्यात, खलाशी म्हणून लागलो आणि फिटर म्हणून रिटायर झालो. तर त्या टपरीवरच्या माणसाला जे तिथं नीट सांगता आलं नाही ते इथं लिहितोय, पत्र लांबलं तर कात्री चालवा पण शेवटचं दाराचं तेवढं ठेवा.

आधी त्याच्या आयडियाबद्दल. रंगवून चौथऱ्यावर चढवलेली एक वाघीण मी बघितलेली आहे, गावाचं नाव घेत नाही, उगाच कोणाला टोचायला नको. उद्घाटनाला ती नव्या नवरीसारखी दिसत होती, मी तीन पावसाळ्यांनी परत गेलो तेव्हा दाराच्या खालच्या रेलमध्ये पाणी साठून साठून तिथला पत्रा हाताने मोडत होता, बिस्किटासारखा. गंज न काढता वरनं ऑइलपेंट मारला की असंच होणार, आत गंज चालूच राहतो आणि वरून चमक असते म्हणून कोणी बघत नाही. चाकं काँक्रीटमध्ये पुरलेली, अ‍ॅक्सलबॉक्समध्ये, म्हणजे चाकाच्या दांड्याचं टोक जिथं फिरतं त्या पेटीत, तेलाच्या जागी पावसाचं पाणी आणि कोणीतरी टाकलेली गुटख्याची पुडी. यार्डात असती तर तिला आम्ही कधीच सिक मार्क करून, म्हणजे नादुरुस्त ठरवून, सिक लाईनला दुरुस्तीला घेतली असती.

आता दुसरी बाजू. माझी मुलगी इंग्लंडला असते. गेल्या वर्षी नातीच्या वेळेला आम्ही दोघं तिकडं गेलो, आमच्या मंडळींना काम होतं, मला काही नव्हतं. दोन आठवडे मी खिडकीतून पाऊस बघितला. मग जावई म्हणाला, बाबा, तुम्हाला गंज खरवडायची सवय आहे ना, चला माझ्याबरोबर शनिवारी. मला वाटलं घराचं गेट रंगवायचं असेल. तर हा मला घेऊन गेला एका जुन्या रेल्वेच्या शेडमध्ये, तिथं गावातले हौशी लोक बिनपगारी काम करून जुन्या मालगाडीच्या वॅगन दुरुस्त करतात. त्या देशात हे खूळ जुनं आहे, वेल्समधली टॅलिलिन नावाची चिमुकली रेल्वे बंद पडायला आली होती ती १९५१ पासून स्वयंसेवकांनी चालवायला घेतली, जगात अशी ती पहिलीच. त्यानंतर मग अशा लाईनी गावोगाव झाल्या, इंजिनं वाचली डबे वाचले, मालगाडीच्या वॅगनचा नंबर मात्र तिकडंही शेवटी लागतो. इंजिनाला देणगी मिळते, फोटो मिळतात, वॅगनकडं कोण बघतो. पण तिथले म्हातारे म्हणतात की शंभर वर्षांपूर्वीची रेल्वे दाखवायची तर ती पॅसेंजरची कमी आणि कोळशाची, दुधाची, मासळीची जास्त होती, मग नुसतं इंजिन दाखवून काय दाखवलं? हे मला एकदम पटलं.

आम्ही गेलो तेव्हा शेडमध्ये एक बंद वाघीण होती, लाकडी, शंभरीच्या पुढची. तिची चाकं कधीच काढून नेलेली, नुसता सांगाडा एका शेतकऱ्याने विकत घेऊन त्यात कोंबड्या पाळल्या होत्या. तिकडं म्हणे ही पद्धतच होती, रेल्वे जुन्या वॅगनचा वरचा डबा स्वस्तात विकायची आणि शेतकरी तो बांधावर ठेवून त्यात चारा नाहीतर कोंबड्या ठेवायचे, त्या कोंबड्यांमुळंच आज ह्या वाघिणी सापडतात नाहीतर सगळ्या भंगारात गेल्या असत्या. खालची फ्रेम दुसऱ्या एका वॅगनची मिळवलेली, लांबी जुळवून. चार वर्षं चालू होतं काम, शनिवार शनिवार करत.

मला पहिल्या दिवशी हातात खरवडणी दिली आणि एक फळी दाखवली. मी आपला सवयीने जोर लावून खरवडायला लागलो तर एक ७८ वर्षांचा म्हातारा, आयुष्यभर बस चालवलेला, धावत आला आणि माझा हात धरला. सावकाश सावकाश. रंगाचा एक एक थर उलगडायचा असतो, वांग्याची साल काढतात तसा नाही, कांद्याचा पापुद्रा काढतात तसा, कारण खालच्या कुठल्यातरी थरात जुन्या कंपनीची अक्षरं असतात आणि ती एकदा गेली की गेली. चौथ्या की पाचव्या थराखाली मला एक पांढरट वळण दिसलं, ते G अक्षर निघालं. सगळी शेड गोळा झाली हो बघायला! नर्स होती एक रिटायर, बँकेतला एक साहेब होता, सोळा सतरा वर्षांचं एक पोरगं होतं, सगळे त्या एका अक्षराभोवती. मग ट्रेसिंग पेपर लावून त्याचं माप घेतलं, फोटो काढला, वहीत तारीख टाकली, आणि मग परत कामाला.

G म्हणजे ग्रेट वेस्टर्न रेल्वे. या कंपनीची एक गंमत तिथंच कळली. तारेत लांबलचक नावं लिहायला नकोत म्हणून त्यांनी प्रत्येक प्रकारच्या वॅगनला एक शब्द ठरवून दिला होता आणि त्यातले कितीतरी शब्द प्राण्यांचे. गार्डचा ब्रेकचा डबा म्हणजे टोड, म्हणजे आपला बेडूक. बंद वाघीण म्हणजे मिंक, मुंगसासारखा एक प्राणी. अवजड मशिनरी न्यायची मधे खोलगट गाडी म्हणजे क्रोकोडाइल, लाकडाचे ओंडके न्यायची म्हणजे मकाव पोपट. मी म्हणलं आमच्याकडं सगळ्यांनाच एक प्राणी पुरतो, वाघीण. जावयानं भाषांतर करून सांगितलं की ह्यांच्या मराठीत वॅगनला टायग्रेस म्हणतात, पेपरातसुद्धा तसंच छापतात, तर ते म्हातारे पाच मिनिटं हसत होते आणि पुढच्या शनिवारी माझ्या चहाच्या मगावर कोणीतरी पट्टे काढून ठेवले होते. मग मी त्यांना आपल्या खेकड्याचं पण सांगितलं. कसारा घाटात १९३० च्या सुमाराला वीज आली तेव्हा मालगाड्या ओढायला जी लांब नाकाची इंजिनं आली, डब्ल्यूसीजी-१, त्यांना आपल्या लोकांनी खेकडा नाव पाडलं. एक खेकडा वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात ठेवलाय आणि एक दिल्लीच्या रेल्वे म्युझियममध्ये. पण त्याच्या मागं ज्या वाघिणी होत्या त्यातली एक तरी नाशिक जिल्ह्यात कुठं जपलेली आहे का? मला तरी दिसली नाही.

घाटाचा विषय निघाला म्हणून एक सांगतो, हे ज्यांना कंटाळवाणं वाटेल त्यांनी पुढं जावं. तिकडच्या जुन्या मालगाडीत चालताना लावायचा ब्रेक फक्त इंजिनाला आणि शेवटच्या गार्डच्या डब्याला, मधल्या वॅगन नुसत्या तीन कड्यांच्या साखळीने एकमेकींना अडकवलेल्या. मोठा उतार आला की गाडी थांबवायची आणि माणसाने पळत पळत जाऊन एकेका वॅगनचा हातब्रेकचा दांडा खाली दाबून खिळ घालायची, उतार संपला की परत थांबायचं आणि सगळे दांडे उचलायचे. १९४८ मध्ये मोठ्या कंपन्या सरकारी झाल्यावर त्यांनी रंग वाटून दिले, ज्या वॅगनला इंजिनाकडून चालणारा ब्रेक आहे ती विटकरी, ज्यांना नाही त्या करड्या, म्हणजे लांबूनच समजावं. आपल्या कसारा घाटाचा चढ सदतीसास एक, सदतीस फूट पुढं गेलं की एक फूट वर, अजूनही कसाऱ्याला मागून बँकर इंजिनं लावल्याशिवाय बहुतेक गाड्या इगतपुरीला चढत नाहीत आणि उतरताना ब्रेक तपासल्याशिवाय सोडत नाहीत. आमच्या वेळेला व्हॅक्यूम ब्रेक होता, नंतर एअरब्रेक आला. मी जेव्हा त्यांना म्हणलं की आमच्याकडं घाटात सुटलेली गाडी अडवायला वर चढणारी कॅच सायडिंग असते तेव्हा त्या सोळा वर्षाच्या पोराने वहीत चित्र काढून घेतलं माझ्याकडून. इथं माझ्या स्वतःच्या पुतण्याने कधी विचारलं नाही. असो.

पण खरी गोष्ट झाली ती अ‍ॅक्सलबॉक्सची. तिसऱ्या का चौथ्या शनिवारी त्यांनी दुसरी एक वॅगन, पूर्ण झालेली, लाईनवर थोडी फिरवून आणली. जुन्या वाघिणींना आतासारखे रोलर बेअरिंग नसायचे, पितळेचा ठोकळा, त्याला आतून व्हाईट मेटल नावाच्या मऊ धातूचं अस्तर, आणि खाली तेलात भिजवलेलं सूत, ते सूत अ‍ॅक्सलला तेल पुसत राहतं. सूत सुकलं किंवा धूळ गेली की तापतं, धूर निघतो, व्हाईट मेटल वितळतं, आणि तरी गाडी चालूच राहिली तर अ‍ॅक्सल तुटतो. आम्ही त्याला हॉट अ‍ॅक्सल म्हणायचो, ते हॉट बॉक्स म्हणतात. तर वॅगन थांबली आणि मी विचार न करता उठलो, चारही अ‍ॅक्सलबॉक्सला हात उलटा करून लावत गेलो, तळवा नाही, हाताची मागची बाजू, तापलेलं असलं तर तळवा चिकटतो. चौथ्याला पोचलो तर समोरून तो बस ड्रायव्हर म्हातारा तसाच उलटा हात लावत येत होता. आमची भाषा एक नाही, माझं इंग्रजी यार्डातलं, त्याचे उच्चार मला निम्मे कळायचे नाहीत. तो नुसता म्हणाला कोल्ड, मी म्हणलं कोल्ड. पुढचे सगळे शनिवार मला बेअरिंगवरच घेतलं, खरवडणी बंद.

पैशाचं काय, असं इथं प्रत्येक जण मला विचारतो. तिकडं पण रडगाणं तेच आहे. जुनी पुस्तकं विकतात, पेटी ठेवतात, सणासुदीला चार-पाच वॅगनची जुन्या पद्धतीची मालगाडी करून चालवतात आणि फोटो काढणारे हौशी लोक त्याचे पैसे भरून येतात, रिकाम्या मालगाडीचा फोटो काढायला पैसे, मला आधी खरंच वाटलं नाही. ओकच्या फळ्या महाग. पण शेड आहे. छप्पर, वीज, कुलूप आणि खाली रूळ, एवढं असलं की बाकी सगळं सावकाश होतं.

आता आपल्याकडचं. नाशिकला रेल्वेचं काय कमी आहे का? १८८९ च्या सुमाराला आपल्याकडं ट्राम होती, नाशिकरोड स्टेशनापासून मेनरोडपर्यंत आठ-दहा किलोमीटर, दोन डबे आणि ओढायला चार घोडे, रूळ अडीच फुटी. १९३० नंतर दोन-तीन वर्षांत ती बंद पडली. तिचा सल्लागार इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप, त्यानेच पुढं १८९७ मध्ये सुरू झालेली बार्शी लाईट रेल्वे केली, तीही अडीच फुटीच, हलक्या रुळांवर जास्त माल कसा न्यायचा हे डोकं त्याचं. याच माणसाने पहिल्या महायुद्धात पॅराशूट पण बनवलं. वेल्समध्ये अडीच फुटी रुळांची वेल्शपूल ते लानवायर लाईन १९५६ ला बंद पडली होती, ती लोकांनी १९६३ मध्ये परत सुरू केली आणि तिच्या मूळच्या मालाच्या वॅगन जपल्यात. आपल्या ट्रामचं काय उरलंय? मेनरोडला जाऊन विचारा, ट्राम होती हेच निम्म्या लोकांना माहीत नाही.

आणि मालाचं म्हणाल तर हा जिल्हाच मालगाडीवर उभा आहे. एकलहऱ्याला कोळसा, मनमाडला धान्याची गोदामं, पानेवाडीला पेट्रोलच्या टँक वॅगन, लासलगाव निफाडचा कांदा. कांद्याचं लोडिंग बघितलंय कोणी? मी बघितलंय, चारचाकी वाघिणींच्या काळात. हमाल पाठीवर गोणी घेऊन पळत फळीवरून आत जाणार, दार थोडं फटीला ठेवायचं हवेसाठी नाहीतर कांदा वाटेतच सडतो, आणि मग ते दार बांधायला काथ्याची दोरी. त्या चारचाकीत पंचवीस टनांच्या आतबाहेर माल जायचा, आताच्या बीसीएन नावाच्या आठ चाकी बंद वाघिणीत साठच्या आसपास जातो, म्हणून चारचाकी गेल्या, त्यात रेल्वेची काही चूक नाही. ७ ऑगस्ट २०२० ला देशातली पहिली किसान रेल सुटली ती आपल्या देवळालीहून, दानापूरला, तेव्हा टीव्हीवर केवढं कौतुक. पण त्याच्या आधीची शंभर-सव्वाशे वर्षं ज्या वाघिणींनी हा माल बाहेर नेला त्यातली एक पण पोराला दाखवायला नको का? गार्डचा डबासुद्धा आता चालला, गार्डला २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात आणि शेवटच्या डब्याच्या जागी यंत्र लावायला सुरुवात झालीय. ते बरंच आहे म्हणा, त्या डब्यात ना पंखा ना दिवा ना संडास, रात्र काढून बघा एकदा म्हणजे कळेल.

मला माहितीय लगेच काय उत्तरं येणार. यार्डात बाहेरच्या माणसाला सोडता येत नाही, बरोबर आहे, सोडूच नये, चालत्या लाईनच्या शेजारी हौशी माणूस म्हणजे अपघात. मोडीत काढलेली वाघीण लिलावात जाते, टनावर पैसे येतात, तेही बरोबर. आणि एक मित्र म्हणतो त्यात हॉटेल काढा म्हणजे खर्च निघेल. डब्यात बसून मिसळ खायला माझी काही हरकत नाही, पण एसी बसवायला भिंत कापली, खिडक्या पाडल्या, आतून प्लायवूड मारलं की मग ती वाघीण राहिली कुठं, तो हॉटेलचा डबा झाला, त्यासाठी कंटेनर आणा ना.

आमचं मागणं एवढंसंच आहे. एक मोडीत निघालेली चारचाकी, बंद असो उघडी असो, ब्रेकचा डबा असला तरी चालेल. ती ठेवायला यार्डाच्या बाहेर एक शेड, एखाद्या आयटीआयच्या आवारात असली तर सोन्याहून पिवळं, कारण पोरांना वेल्डिंग शिकवतात पण गरम रिव्हेट मारायला आता कोण शिकवतो. आम्ही नाशिकरोडला पाच जण आहोत रिटायर, दोन फिटर, एक लोहार, एक पेंटर, आणि एक टीएक्सआर, म्हणजे गाड्या तपासणारा, ज्याला अजूनही सगळ्यांवर ओरडायची सवय आहे. आमच्या पेंटरने आयुष्यभर वाघिणींवर नंबर लिहिले, अकरा आकडी, पहिले दोन आकडे वॅगनचा प्रकार, पुढचे दोन कुठल्या रेल्वेची, मग बनल्याचं साल, मग चार आकडी नंबर आणि शेवटचा एक आकडा बाकीचे बरोबर लिहिलेत का ते तपासायला. त्याचा हात आता थरथरतो थोडा, पण ब्रश टेकला की थांबतो. लोहार ७४ चा आहे. तिकडच्यासारखी चार वर्षं लागली तर त्याला ७८ लागेल, म्हणून घाई.

रंगाबद्दल आत्ताच सांगून ठेवतो, कारण भांडण तिथंच होणार आहे. ती निळी पिवळी रंगवायची नाही, तिच्यावर कोणाचं नाव आणि फोटो टाकायचा नाही, खरवडून खाली जो रंग निघेल तोच द्यायचा, मग तो कितीही मळखाऊ असो.

आणि आता दाराचं. गेल्या महिन्यात सिन्नर फाट्याच्या पुढं एका ओळखीच्याच्या मळ्यात गेलो होतो, तर त्याच्या कांद्याच्या चाळीला लोखंडी दार, वरून चुना मारलेला. मला कडी बघूनच शंका आली. चुना नखाने खरवडला तर खाली विटकरी रंग आणि पांढऱ्या अक्षराचं टोक, वाघिणीचंच दार! त्याच्या वडिलांनी कधीतरी भंगारातून आणलेलं, साल त्याला आठवत नाही. मी म्हणलं दादा हे मला द्या, बदल्यात नवीन दार करून देतो. तो म्हणाला काका, आत कांदा आहे, भाव बघतोय, चाळ रिकामी झाली की घेऊन जा, पैसे पण नको. आता कांदा महिन्या-दीड महिन्यात निघेल असं तो म्हणतोय. दार चांगलं माणूसभर उंच आहे आणि आमच्या पाचांपैकी कोणाच्याच घरात ते मावत नाही, तर ज्यांच्याकडं छपराखाली तेवढी जागा असेल त्यांनी कृपया आपल्या पेपरकडं कळवावं.

आपला,
एक निवृत्त वॅगन फिटर
जेलरोड, नाशिकरोड